मंगळवार-शुक्रवारचा लाल दिवा

आमची गाडी सत्तावीस वर्षांची. ऐन तारुण्यात तिने कात्रजच्या घाटात एका हत्तीला ओव्हरटेक केलं होतं आणि हत्तीने सोंड वर करून सलाम ठोकला होता. खोटं वाटत असेल तर हत्तीला विचारा. पुढचं मात्र खरं आहे. थाप रचायलाही अंगात जोर लागतो, आणि गेले दोन महिने तो नाही.

माझ्या बायकोला, शालनला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी कात्रजहून येरवड्याला डायलिसिसला न्यायचं. रिक्षाच्या धक्क्यांनी तिला उलटी होते, म्हणून गाडी. आणि नेमका त्याच दोन दिवशी समोर बॅटरीचा लाल दिवा लागायचा. दोनदा तर गाडी पुलावरच मेली. मागच्यांनी हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्या उद्धरल्या.

येरवड्यात राहणारी आमची मुलगी रुपाली म्हणाली, "बाबा, आता एकदा जरी बंद पडली ना, तर गाडी भंगारात आणि आई माझ्याकडे."

"आणि मी?"

"तुम्ही येत जा की अधूनमधून."

तिच्या दोन खोल्यांत आधीच चार माणसं. तिचं तरी काय चुकलं?

कात्रजच्या चौकाजवळ शकीलचं गॅरेज. तिथे गाडी नेली की ती शहाण्यासारखी वागायची. तो मीटर लावायचा, मान हलवायचा. "चौदा पॉइंट दोन व्होल्ट. काका, चार्जिंग ठणठणीत आहे." त्याने बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उघडून आतले कार्बन बदलले, वायरी हलवून पाहिल्या.

"दिवा लागतो तेव्हा काही आवाज येतो का?"

"छे," मी म्हणालो. गाडी चालवताना मी कानातलं यंत्र काढून ठेवतो. पुण्यातली रहदारी ऐकण्यासारखी नाही. हे त्याला सांगायचं राहिलं.

शेवटी तोही थकला. "बरी असताना तपासून उपयोग नाही, काका. शुक्रवारी मीच येतो सोबत."

शुक्रवारी सकाळी शकील मीटर घेऊन मागच्या सीटवर बसला. मी गाडी सुरू केली. शालन नेहमीप्रमाणे तांब्या घेऊन आली, गाडीवरून पाणी ओवाळलं आणि पुढच्या जाळीतून आत ओतलं. दवाखान्याच्या वाटेवर दृष्ट लागू नये, हा तिचा नेम. मग ती माझ्या शेजारी बसली. गल्लीच्या तोंडाशीच लाल दिवा लागला.

"काका, थांबवा! एवढी किंचाळतेय, ऐकू येत नाही?"

"कोण, शालन?"

"पट्टा!"

मी गाडी थांबवून यंत्र कानात घातलं, त्याने बॉनेट उघडलं. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा ओलाचिंब होऊन जागच्या जागी घसरत होता. मीटरचा आकडा बाराच्या खाली.

"आतल्या बाजूने काचेसारखा गुळगुळीत झालाय. मला वरून चांगला दिसला, तिथेच मी फसलो. कोरडा असला की पकडतो. ओला झाला की घसरतो, घसरून तापतो, तापला की आणखी घसरतो. माझ्याकडे तुम्ही एकटे येता. तिथे पाणी कोण ओतणार?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "काकींना तुम्हीच सांगा."

माझ्या डोक्यात एक घूस तयार होती, पट्ट्यावर संसार थाटलेली. पण शालन खिडकीतून बघत होती. मी खरं ते सांगितलं.

तिने काच आणखी खाली केली. मग म्हणाली, "अहो, आधी चाकावरच ओतायची मी. दिवाळीपासून वाकवत नाही."

एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

शकीलने गॅरेजमधून नवा पट्टा आणला आणि तिथेच बसवला. दिवा विझला, तो विझलेलाच राहिला. आम्ही पोचलो तासभर उशिरा. रुपाली दवाखान्याच्या दारात उभी.

"पडली ना बंद?"

"नाही. मुद्दाम थांबवली होती. दुखणं सापडलं."

माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास बसणार नव्हताच. तिने आईकडे पाहिलं.

"खरं बोलतायत," शालन म्हणाली. "माझ्यामुळेच होत होतं."

रुपालीने आईचा हात धरून तिला उतरवलं. "बरं. मंगळवारी बघू."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मंगळवारपर्यंत तरी शालन कात्रजलाच.