नंदी कोणी मोडला

गोपाल नंदीवर बसला तेव्हा तो फोनवर बायकोला सांगत होता, की घरात सगळं कसं फस्टक्लास चाललं आहे.

"तू बिनघोर राय," तो म्हणत होता. "पोट्टे जेवले, आंगधुनं झालं, चिडीचूप हायेत. तूच उगाच बाऊ करून ठेवला होता. पोट्टे सांभाळनं म्हंजे काय डोंगर फोडनं हाय का?" आणि चप्पल चढवायला म्हणून ओसरीतल्या ज्या वस्तूवर त्यानं बूड टेकलं, ती वस्तू कडकन मोडली.

"काय मोडलं?" दिपालीनं तिकडून विचारलं.

"काई नाई. खाट करकरली."

ती तिकडे लोहाऱ्याला होती. तिची आई विमलताई न्हाणीत घसरली, पाय प्लास्टरात गेला, आणि भाऊ एमआयडीसीतल्या कंपनीत दिवसपाळीला. म्हणून पोळ्याच्या पुरणपोळ्या लाटून, नैवेद्य दाखवून, दिपाली त्याच संध्याकाळी मुकुटबनहून गाडीत बसली. पोरांना नेणार होती. पण दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं हलेनात. मोठ्या पोळ्याला जसा खऱ्या बैलांचा मान, तसा तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी बैलांचा. नंदी सजवायचा, मारुतीच्या पारापुढं रांगेत उभा करायचा, मग घरोघर ओढत नेऊन खाऊ मागायचा. वर्षातून हा एक दिवस पोरांचा. तो सोडून आजीचं प्लास्टर पाहायला कोण जाईल?

गोपालच्या बुडाखाली गेला तो हाच नंदी. दिपालीनं आठ दिवस खपून रंगवलेला, शिंगांना बेगड, पाठीवर आरशाची झूल. आता त्याचे मागचे दोन्ही पाय चाकांसकट आडवे झाले होते आणि मुंडकं झुलीवर लोळत होतं.

त्यातही घरात नंदी एकच. सहा वर्षांची अपेक्षा आणि चार वर्षांचा ऋतिक, दोघांमध्ये एक. महिनाभर मारामाऱ्या करून दोघांचा तह झाला होता: अपेक्षानं दोरी धरायची, ऋतिकनं मागून ढकलायचं. आणि तसं पाहिलं तर त्या घरातला तो शेवटचा बैल. खरी जोडी गोपालनं विकली आणि ट्रॅक्टर घेतला, त्याला दोन वर्षं झाली. काल मोठ्या पोळ्याला त्यानं ट्रॅक्टरलाच हार घातला, तेव्हा ऋतिकनं विचारलं होतं, "बाबा, याले पोळी कुठून चारता?"

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडे बाप म्हणजे कोण? सकाळी पोराच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवणारा आणि संध्याकाळी कानाखाली ठेवणारा. मधला सगळा दिवस आईचा. आणि हेच लोक लग्नात, तेरवीत माईक हातात आला की आईची थोरवी गातात, डोळ्यांत पाणी आणून. त्यांना म्हणा, एवढं प्रेम ऊतू जातं तर एक दिवस पोराचं ढुंगण धुऊन दाखवा. माईक टाकून पळतील. गोपाल यांच्याहून वेगळा नव्हता. फरक इतकाच, की त्याला पळायला जागा नव्हती. दोन पोरं दारात उभी राहून मोडक्या नंदीकडे पाहत होती.

ऋतिकनं आधी श्वास ओढून घेतला. तो जेवढा लांब, तेवढं रडणं मोठं, हे गोपालला एका दिवसात कळलं होतं.

"बोकडानं तोडला!" तो बोलून गेला.

का बोलला, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कापसाच्या भावावरून व्यापाऱ्याशी तासभर हुज्जत घालणारा माणूस. पण ह्या दोन टीचभर जीवांपुढं त्याची जीभ भलतीकडेच वळली.

ऋतिकचा श्वास अर्ध्यात अडकला. "कोनाच्या बोकडानं?"

"भगवान आबाजीच्या. मोकाट सुटते ना तो! आला अन् दिली धडक."

भगवानरावांचा बोकड गावाला ठाऊक होता. दोरीवरची लुगडी खायचा, पोरांच्या हातचा खाऊ पळवायचा. त्याच्या माथी काहीही मारावं, खपत होतं. शिवाय भगवानरावांचं शेत गोपालच्या शेताला लागून, आणि धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, दोघांची तीन वर्षांपासून बोलचाल बंद. त्यामुळे खोटं बोलताना गोपालला थोडं बरंही वाटलं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, पण वाटलं.

"काहून दिली धडक?" ऋतिकनं विचारलं.

"राग आला असन त्याले."

"काहून राग आला?"

"आता मले काय सांगून आला का तो?"

"मंग तुमाले कसं माईत, राग आला म्हनून?" हे अपेक्षानं विचारलं. तिनं नंदीचं मुंडकं उचलून उलटंपालटं करून पाहिलं. "बाबा, धडक समोरून मारली का मांगून?"

"समोरून."

"मंग मांगचे पाय काहून तुटले?"

गोपालला वाटलं, सहा वर्षांच्या पोरीला असले प्रश्न शिकवतं कोण? शाळेत तर चित्रांना रंग देतात म्हणे.

"मांगूनही मारली," तो म्हणाला. "दोनदा मारली."

"तुमी पाह्यलं?"

"हाव."

"मंग हाकललं काहून नाई?"

"फोनवर होतो ना माय मी!"

अपेक्षानं मान हलवली. तिचा विश्वास बसला होता, आणि तेच गोपालला जड गेलं. खोटं पकडलं असतं तर ओरडून मोकळा झाला असता. तिनं नंदीचे तुकडे फ्रॉकच्या ओच्यात गोळा केले आणि म्हणाली, "त्याले शिक्षा झाली पायजे."

"करू, करू. आधी हे चिकटवून पाहू."

त्यानं गोंद आणला, तार आणली, खिळे ठोकले. ट्रॅक्टरचा पट्टा बदलणारा हात, पण नंदी काही उभा राहीना. पाय जोडले तर बसल्यासारखा दिसे, मुंडकं जोडलं तर मागं वळून पाहिल्यासारखं. ऋतिक शेजारी बसून एकेक गोष्ट विचारत होता. नंदी मेला का? मेला तर रडायचं का? रडायचं तर कोण आधी? त्याला ढोरांच्या डॉक्टरकडे न्यायचं का? गोपालनं आधी हो म्हटलं, मग नाही म्हटलं, मग म्हटलं आईला विचार. आई नाही हे आठवून ऋतिकनं पुन्हा श्वास ओढला. तेवढ्यात खिचडी करपल्याचा वास आला, फोनवर पोरं जेवून मोकळी झाली होती तीच. गोपाल चुलीकडे धावला.

परत आला तेव्हा ओसरी रिकामी. पोरं नाहीत, झूल नाही, आणि खुंटीवरची दिपालीची नवी लाल ओढणीही नाही.

तो सगळ्या गल्लीत हाका मारत फिरला. शेजारीण म्हणाली, आत्ताच तर होते. किराणावाला म्हणाला, हळदीची पुडी घेऊन गेले, तुमच्या खात्यावर मांडली. हळद कशाला? गोपालचं डोकं चालेना. घामानं सदरा पाठीला चिकटला. विहिरीत वाकून पाहिलं, ट्रॅक्टरच्या टायरांमागं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला समजलं, की दिपाली दिवसभरात इतक्या वेळा "अपे, कुठी हायेस गं?" असं उगाच ओरडत नाही.

मग पाराकडून माईकचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ हसण्याची लाट.

गोपाल पोहोचला तेव्हा पारापुढं नंद्यांची रांग लागली होती. लहान, मोठे, रंगीत, एकाच्या शिंगांवर तर लाइटची माळ. आणि रांगेच्या टोकाला भगवानरावांचा बोकड. पाठीवर आरशाची झूल, कपाळाला हळदीचा मळवट, गळ्यात लाल ओढणी, शिंगांना बेगड. दोरी अपेक्षाच्या हातात. मागून ऋतिक दोन्ही हातांनी ढकलत होता. बोकड शेजारच्या नंदीच्या गळ्यातली झेंडूची माळ शांतपणे खात होता.

माईकवर धर्मपाल होता, ग्रामपंचायतीचा शिपाई. "आता हे काय आनलं बाप्पा? अपेक्षाबाई, तुमचा नंदी कुठी हाय?"

"यानं तोडला," अपेक्षा खणखणीत आवाजात म्हणाली. "म्हनून आता हाच आमचा नंदी. ज्यानं तोडला त्यानं बनाचं."

लोक पोट धरून हसले. आणि तेवढ्यात गर्दी कापत भगवानराव आले. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी, तोंडात शिव्यांचं पूर्ण दुकान.

"माया बोकड सोडून आनता? कोनं सांगतलं यानं तोडला म्हनून? सकाळपासून गोठ्यात बांधून हाय तो! आज पोट्ट्यायचा दिवस म्हनून मीच बांधून ठेवला!"

"यानंच तोडला," अपेक्षा म्हणाली. "दोनदा धडक मारली. एकदा समोरून, एकदा मांगून."

"खोटी पोट्टी! बापावर गेली. बाप धुऱ्याचे गोटे सरकवते, पोट्टी बोकड पळवते. सारं घरच खोटं!"

गोपालचं रक्त तापलं. तो पुढं सरकला, तोंड उघडलं, धुऱ्याचं तीन वर्षांचं सगळं बाहेर काढणार होता. पण अपेक्षा त्याच्या आधी बोलली. म्हाताऱ्यासमोर उभी राहून, मान वर करून.

"आमचे बाबा खोटे नाई बोलत. बाबानं सोताच्या डोयानं पाह्यलं. हो ना, बाबा?"

सगळे गोपालकडे पाहू लागले. बोकडही पाहू लागला, तोंडात झेंडू.

आता ह्या घडीला गावातल्या शंभर बापांपैकी नव्याण्णव काय करतील, ते मला माहीत आहे. पोरीच्या पाठीत धपाटा घालतील, 'घरी चाल' म्हणतील, आणि मोकळे होतील. खोटं बोलणारा बाप, मार खाणारी पोरगी, आणि गाव म्हणणार, पोरीला वळण लावलं. गोपालचा हातही वर गेला होता. कशासाठी गेला, त्याला कळलं नाही. तो हात त्यानं तसाच डोक्याकडे नेला आणि खाजवला.

"मी बसलो," तो म्हणाला.

"आँ?" भगवानरावांनी कानामागं हात नेला. "कोन बसलं?"

"मी. नंदीवर. फोनवर बोलता बोलता. बोकडाचा काई संबंध नाई, काका."

मग असा हशा उसळला, की माईक चालू आहे हे विसरून धर्मपाल त्यातच शिंकरला. भगवानराव एवढे हसले, की काठी टेकून खाली बसले. तीन वर्षांत ते गोपालशी पहिलं धड वाक्य बोलले ते असं: "लेका, दिसत नाई का तुले? नंदी हाय का पाट?"

हसली नाही ती फक्त अपेक्षा. ती बापाकडे बघत राहिली. रागानं नाही. रडतही नव्हती. गोपालनं तो चेहरा वाचायचा प्रयत्न केला आणि त्याला एक अक्षर लागेना. तिनं बोकडाच्या गळ्यातली ओढणी सोडली. झूल काढली. दोरी भगवानरावांच्या हातात दिली आणि म्हणाली, "आबाजी, तुमच्या बोकडाची माफी." मग ती झूल घेऊन बापासमोर येऊन उभी राहिली.

"वाका."

"अपे, आता इथं…"

"ज्यानं तोडला त्यानं बनाचं. वाका, बाबा."

गोपालनं आजूबाजूला पाहिलं. सोसायटीत त्याच्या बरोबर बसणारे होते, पुढल्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहा म्हणणारे होते. दोघातिघांनी आधीच मोबाईल वर धरले होते. आपण नक्की कुठं चुकलो? बसलो तिथं? बोललो तिथं? खरं सांगितलं तिथं? काहीच उलगडेना. तेवढ्यात ऋतिकनं त्याची विजार धरून खाली ओढली, आणि ती सुटायच्या आत गोपाल गुडघ्यांवर आला.

झूल चढली. मळवट भरला. ओढणीची गाठ गळ्याशी बसली. ऋतिक पाठीवर चढला आणि टाचा मारू लागला.

"नंदीचं नाव सांगा!" धर्मपाल माईकवर ओरडला.

"बाबा!" ऋतिक ओरडला.

सजावटीचं बक्षीस लाइटच्या माळेवाल्या नंदीला मिळालं. पण घरोघर फिरताना प्रत्येक दारात गोपाल नावाच्या नंदीलाच बोलावणं. बाया हसत हसत ओवाळत होत्या. गुडघे सोलवटले, तळहातात खडे रुतले. जरा उभा राहतो म्हटलं तर ऋतिक "बैल उभा नाई रायत" म्हणायचा. भगवानरावांच्या दारात म्हाताऱ्यानं मूठभर फुटाणे पोरांच्या ओंजळीत टाकले आणि एक गोपालच्या तोंडापुढं धरला. गोपालनं खाल्ला. आता धुऱ्याचं भांडण मिटलं की वाढलं, हेही त्याला कळलं नाही.

घरी आल्या आल्या फोन वाजला. दिपाली.

"पोट्टे कसे हायेत?"

"मजेत हायेत."

"अन् बैल?" ती म्हणाली, आणि मागं विमलताईंचं प्लास्टरातलं खळखळून हसणं ऐकू आलं. व्हिडिओ लोहाऱ्यापर्यंत पोहोचला होता. "खाट करकरली नाई का?" एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. पोरं नीट सांभाळली की नाही, ह्यावर एक शब्द नाही.

गोपाल ओसरीत पालथा पडला. पाठ भरून आली होती. डोळे मिटले तर खांद्यावर काहीतरी थंड लागलं. अपेक्षा वाटीत तूप-हळद कालवून त्याचा खांदा चोळत होती, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचा चोळतात तसा, सावकाश, वरून खाली. आणि तेव्हा बैलांना देतात ते जेवणाचं आमंत्रण पुटपुटत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ती माफी होती की टोमणा? गोपालनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चेहरा तसाच, न वाचता येणारा.

"अपे, आवतन आदल्या दिवशी देते माय," तो म्हणाला. "पोळा झाला आता. तू रागावली का मायावर?"

"बैल बोलत नाई, बाबा."

त्यानं मान परत खाली टेकवली. मग ऋतिक आतून कालची पुरणपोळी घेऊन आला. समोर उकिडवा बसला आणि बापाचं तोंड नीट निरखून पाहू लागला, कुठून चारायची ते.

गोपालनं तोंड उघडलं.