कोडमधले मराठी शेरे

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या विनुताला घरच्या मराठीचा भारी भरवसा होता. बाजारात भाव पाडायचा असो की चारचौघांत कुणाची टर उडवायची असो, ती आणि तिची आई भामा खुशाल मराठीत बोलायच्या. भोवतालच्या तमिळ माणसांना काय कळतंय! कोड लिहितानाही मनात येईल तो शेरा ती मराठीतच, पण तमिळ लिपीत, ओळींच्या मधे टाकून ठेवी.

तिचा प्रोग्रॅम भातखरेदी केंद्रांसाठी होता. जवळच्या पापनाशमच्या शेतकऱ्यांना भात घालायचा आपला नंबर फोनवर कळला, की भाताची पोती रस्त्यावर भिजत पडणार नव्हती. त्यात तिनं जीव ओतला होता. सरकारचं अन्नपुरवठा खातं तो घ्यायला तयार होतं, पण सरकारी धोरणाप्रमाणे कोड सर्वांना खुला हवा. विनुता तर खुल्या कोडची कैवारीच. तिनं जुन्या आवृत्त्यांसकट सगळा कोड हौसेनं चढवला आणि मग तिला शेरे आठवले. पण वाचणार कोण, असं म्हणून ती निवांत झाली.

तपासणीला खात्याचे वैद्यनाथ सार, म्हणजे सर, होते, सतत नियम बदलणारे, कपाळावर आठी घेऊनच जन्मलेले. तंजावूरच्या मराठी माणसाच्या नावापुढे राव असायचंच; ते नाही म्हणजे आपला माणूस नाही, एवढाच विनुताचा हिशोब. बैठकीत त्यांनी तमिळमधून खूप प्रश्न विचारले, आणि मग पडद्याकडे बघत ते सावकाश वाचू लागले. "हट्टी म्हाताऱ्यानं पुन्हा नियम बदलला. सणाला केंद्र बंद, तर नंबर रद्द. ह्याला पोंगल ठाऊक नाहीं काय?"

उच्चार थेट तिच्या आजोबांचा. धरणीनं पोटात घ्यावं असं विनुताला झालं. आता प्रोग्रॅम गेलाच, म्हणून ती माफी मागू लागली, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"आम्हीही घरीं हीच मराठी बोलतों, बाळ," ते म्हणाले. "नियम चुकला होता. ऑफिसांत सगळ्यांस ठाऊक, पण मज कोणी सांगितलं नाहीं. तूं सांगितलंस, तेंही मला कळणार नाहीं म्हणून."

तो नियम त्यांनी सकाळीच रद्द केला होता, आणि प्रोग्रॅमही मंजूर. विनुताला एकदम रडू आणि हसू दोन्ही आलं.

"सार, तें हट्टी म्हातारा तेवढं काढतें," ती म्हणाली.

"राहूं दे. फक्त शेजारीं तमिळमधेंही लिही. माझ्यामागून येणाऱ्या म्हाताऱ्यालाही वाचतां आलं पाहिजे."