जिन्याखालचा प्लग

विज्ञानाच्या इतिहासात स्त्रीचं स्थान अढळ आहे. या संस्थेत ते जिन्याखाली होतं.

तिथे एक डीप फ्रीजर उभा होता आणि त्यात मोठ्या बाईंनी हयातभर रानोमाळ हिंडून गोळा केलेल्या बुरश्या कुप्यांत भरून ठेवल्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे संस्थेतल्या पहिल्या शास्त्रज्ञ स्त्री. त्या वारल्यावर त्यांची खोली हिशेब खात्याला मिळाली आणि बुरश्या मिळाल्या त्यांच्या विद्यार्थिनीला, म्हणजे धाकट्या बाईंना. आता धाकट्या बाईंचेही केस पिकले होते, पण धाकटेपण काही सुटलं नव्हतं. त्या कुप्यांतल्या कित्येक बुरश्या जगात दुसरीकडे कुठेच उरल्या नव्हत्या. ज्या जंगलातून त्या आल्या तिथे आता गोदामं होती. फ्रीजर उणे ऐंशीवर चाले. तो तापत शून्यापाशी पोचला असता, तर मोठ्या बाई दुसऱ्यांदा गेल्या असत्या. त्याचा एक पाय आखूड होता. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली असे आणि ती सारखी चेपत असे.

विज्ञानातल्या स्त्रियांच्या गौरवाचा कार्यक्रम सभागृहात व्हायचा, पण सभागृहाला रंग लागत होता, म्हणून तो जिन्याशेजारच्या दालनात घेतला. व्यासपीठावर मोठ्या बाईंचा पुरुषभर उंचीचा फोटो होता. मापाला इलाज नाही. फोटोभोवती दिव्यांची महिरप, शेजारी सत्कारमूर्ती धाकट्या बाई. पुढच्या रांगेत त्यांची आई आणि तिच्या बाजूला फोन उगारून बसलेल्या जाऊबाई. आई डोळ्यांनीच बजावत होती, ताठ बस.

संचालक बोलायला उभे राहिले आणि कुठेतरी 'पीं' झालं.

माइकवाल्याने माइकची मान पिळली. पुन्हा पीं. त्याने वायर झटकली, डबा थोपटला, शेवटी संचालकांनाच जरा मागे सरकवलं. आवाज काही हटेना. धाकट्या बाईंनी मात्र तो ओळखला. फ्रीजर उणे पन्नासच्या वर चढला की बॅटरीवर असाच केकाटायचा. तिथवर चढायला काही तास लागत, म्हणजे त्याची वीज सकाळीच, सजावटीच्या वेळी तुटली होती. त्यांनी मान वळवून पाहिलं. महिरपीमागून एक पिवळी वायर निघून पडद्याखालून थेट जिन्याकडे गेली होती.

शेजारी संस्थेचे सचिव बसले होते. बाई हसरा चेहरा न हलवता त्यांच्या कानाशी लागल्या.

"जिन्याखालचा प्लग कुणी काढला?"

"मीच. तेवढाच बोर्ड धड चालतो. कार्यक्रम संपला की लावतो परत."

"त्यात मोठ्या बाईंच्या बुरश्या आहेत हो."

"आणि इथे मोठ्या बाईंचा फोटो आहे. त्यांना अंधारात ठेवू का?"

मग सचिवांनी आवाज आणखी उतरवून सांगितलं, की प्रमुख पाहुणे आज मोठ्या बाईंच्या नावाने नवी प्रयोगशाळा जाहीर करणार आहेत. स्वतंत्र खोली, स्वतंत्र वीज, फ्रीजरलाही जागा. माइकही त्याच वायरवर होता. पाहुणे लहरी, भाषणात खंड पडला तर तडक गाडीत जाऊन बसतील. तेव्हा बाईंनी जरा कळ काढावी.

बाईंनी कळ काढली.

"मोठ्या बाई आज आपल्यात नाहीत," संचालक म्हणाले, "पण त्यांचं काम जिवंत आहे."

पीं. टाळ्या.

पाहुणे उठले. त्यांनी सुरुवात स्वतःच्या बालपणापासून केली. शाळेत बेडूक कापायला ते कसे घाबरले आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीने तो कसा कापून दिला, तिथपासून स्त्रीशक्ती उलगडू लागली. ती मुलगी अजून शाळेतच होती आणि फ्रीजरच्या भोंग्याच्या दोन पींमधलं अंतर कमी होत चाललं होतं. बाई उठल्या. निवेदिकेने ओळखलं, की त्या भारावल्या आहेत, आणि तिने टाळ्या सुरू करून दिल्या. आईने डोळे वटारले. बाई बसल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई आईच्या डोळ्यांना भिऊन बसते, हेही विज्ञानाला अजून उलगडलेलं नाही.

"आणि म्हणूनच आज," पाहुणे म्हणाले.

भोंगा आता थांबेचना.

बाई व्यासपीठावरून उतरल्या आणि कुणाकडेही न बघता जिन्याखाली शिरल्या. फ्रीजरवरचा आकडा उणे एकोणचाळीस होता आणि त्यांच्या डोळ्यांदेखत अडतीस झाला. प्लगवर हात ठेवून त्या एक श्वास थांबल्या. दालनातून आवाज आला, "मोठ्या बाईंच्या नावाने एक..."

त्यांनी पिवळी वायर उपटली आणि फ्रीजरची लावली.

फोटो विझला, माइक मेला. पाहुण्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. भोंग्यापुढे पहिल्या रांगेलाही काही ऐकू आलं नाही. जिन्याखाली फ्रीजर घरघरला आणि बाई त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. पाहुणे गाडीत जाऊन बसले.

बुरश्या वाचल्या. बाईंनी एकेक काढून बशीत वाढवून पाहिली. सगळ्यांना पांढरी लव आली. प्रयोगशाळेचं विचारायला सचिव पाहुण्यांच्या कार्यालयात दोनदा जाऊन आले. तिथे त्यांना सांगण्यात आलं, की साहेबांना त्या भाषणातला फक्त बेडूक आठवतो. ध्वनिमुद्रण 'एक' या शब्दाशी संपत होतं आणि एक काय, हे ठरवण्याचा अधिकार संस्थेला नव्हता. घरी जाऊबाईंचं चित्रीकरण सगळ्यांनी मिळून पाहिलं. "मेली सगळीकडे पाठच आलीये तुझी," आई म्हणाली.

सन्मानचिन्ह संगमरवरी होतं, बसकं आणि चांगलं जड. ते फ्रीजरच्या आखूड पायाखाली नेमकं बसलं. फ्रीजर आता हलत नाही.