टिचकीला न दचकणारी पिल्लं

मत्स्यबीज केंद्रातल्या ताईने चौथ्या टाकीच्या काचेवर टिचकी मारली. आतली पापणीच्या केसाएवढी सहा हजार पिल्लं ढिम्म हलली नाहीत.

माशाचं निरोगी पिल्लू टिचकीसरशी सुळकन पळतं. जिवाणूंची लागण झाली की वरून धडधाकट दिसणारं पिल्लूही आधी दचकायचं सोडतं. गेल्या आठवड्यात शेजारच्या तीन टाक्या अशाच गप्प झाल्या आणि दोन दिवसांत मेल्या. तेव्हापासून नियमच झाला: टाकी दचकली नाही की लागण पसरण्याआधी ब्लीच ओतायचं. आता ही एकच उरली होती, आणि ताईने तिला दोन आठवडे तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं.

तिने केंद्रप्रमुख मॅडमना बोलावलं. मॅडमनी स्वतः टिचकी मारून पाहिली आणि मान हलवली. पाणीवाले काका ब्लीचचा कॅन घेऊन आले. कॅन जड होता, पण त्याहून त्यांचा चेहरा जड झाला होता.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "कालपासून तुम्ही दर पाच मिनिटांनी टकटक करताय. पहिल्यांदा मी दचकून बादली सांडली. आता मलासुद्धा काही वाटत नाही."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग एकदम म्हणाली, "काका, झाकण काढू नका!"

तिने धावत जाऊन खोलीतला दिवा बंद केला. खिडकीतून येणाऱ्या अंधुक उजेडात सगळ्यांनी पाहिलं: सहा हजार पिल्लं एकदम उसळली, सैरावैरा पळाली, एकमेकांवर आपटली. आजारी पिल्लाच्या अंगात एवढा जोर कुठून येणार?

तरीही मॅडम अशा भाबड्या नव्हत्या. त्यांनी दहा पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि एकेक नीट तपासली. दहाही स्वच्छ निघाली.

"लागण नाही," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "यांना तुमच्या टिचक्यांची सवय झालीय. खरं सांगायचं तर वैतागलीत तुम्हाला."

ताईला हसू आणि रडू एकदमच फुटलं. काकांनी कॅन कधीच दाराबाहेर नेऊन ठेवला होता.

"वैतागू देत हो," ती डोळे पुसत म्हणाली. "जिवंत आहेत ना, मग खुशाल वैतागू देत."