गळ्यापर्यंत पाणी

मावशीचा नियम साधा होता. आधी अंदाज सांगायचा, मग बाटलीचं रॉकेट उडवायचं. मधे कुणी काही सुचवायचं नाही. नऊ वर्षांच्या भाचीला, म्हणजे भिंगरीला, तो तोंडपाठ होता.

"गळ्यापर्यंत पाणी," भिंगरीने अंदाज सांगितला. "जास्त पाणी, जास्त जोर."

मावशी नुकतीच पदार्थविज्ञानात पदवीधर झाली होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. बाटली पाण्यानेच भरली तर दाबायला हवा उरणार कुठे? जोर तर हवेचा. एक तृतीयांश पाणी पुरे. पण नियम म्हणजे नियम. सोड्याच्या बाटलीला रंगीत कागद गुंडाळलेला होता, पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवलेले होते आणि बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला होता. भिंगरीने काठोकाठ पाणी भरलं, बूच दाबलं आणि ती बाबांना बोलवायला वाहनतळातून वर घरी पळाली.

जिन्यातून भावोजींचा आवाज आला, "चला, शास्त्रज्ञबाईंचं यान आज कुठल्या गटारात उतरतंय ते बघू!"

किती विनवण्यांनंतर ते आज खाली येत होते! त्यांच्यासमोर पोरीची फजिती झालेली मावशीला बघवली नसती. तिने पटकन बूच काढलं आणि बरंचसं पाणी झाडांच्या वाफ्यात ओतून बूच परत दाबून बसवलं. कागदामुळे बाहेरून काही कळायची सोय नव्हती.

भावोजींनी बाटली उलटी उभी करून व्हॉल्व्हला सायकलचा पंप लावला आणि मारला. फट्‌कन आवाज झाला, सगळ्यांच्या तोंडावर पाणी उडालं आणि बाटली तिसऱ्या मजल्याच्या वर जाऊन वाहनतळाच्या दुसऱ्या टोकाला पडली.

"अगं बाप रे!" भावोजींनी लेकीला उचलूनच घेतलं.

"बघितलंस ना बाबा? गळ्यापर्यंत पाणी! उद्या वर्गात सगळ्यांसमोर हेच करून दाखवणार."

मावशी बाटली आणायला गेली आणि तिथेच रेंगाळली. कॉलेजात एका मैत्रिणीने प्रयोगाचे आकडे जुळवून लिहिले होते, तेव्हा हिने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. इकडे भिंगरी हातवारे करत बाबांना सांगत होती, "पाणी खाली जातं म्हणून बाटली वर जाते. मग पाणी जितकं जास्त, तितकी..." पोरगी पुराव्याला धरूनच चालली होती. पुरावाच खोटा होता.

"भिंगरे, ऐक," मावशी परत येऊन म्हणाली. "मी त्यातलं पाणी काढलं होतं."

"कधी?"

"तू वर गेलीस तेव्हा."

"अगं, उडालं ना? मग झालं तर," भावोजी हसत म्हणाले.

"झालं कसं?" भिंगरी म्हणाली. बाटली ओढून घेऊन ती नळाकडे गेली आणि हातावरून ओघळेपर्यंत पाणी भरून आली. "पंप मार, बाबा."

बाटली जेमतेम गुडघ्याएवढी उडाली, कलंडली आणि जमिनीवर भकाभका ओकत राहिली.

भिंगरी ओल्या फरशीकडे बघत म्हणाली, "मागच्या प्रयोगात माझ्या कुंडीतला वाटाणा सगळ्यांत आधी उगवला होता. तोही तूच...?"

"नाही गं! शप्पथ! तो तुझाच होता."

"पण आता तुला विचारून काय उपयोग?"

ती चिडलेली नव्हती. खरोखरच कोडं पडल्यासारखी विचारत होती.

"तू तिकडे उभी राहा," भिंगरीने फाटकाकडे बोट दाखवलं. "लांब. मी आता वेगवेगळं पाणी घालून बघणार आहे. बाबा, तूही बोलायचं नाहीस."

मावशी फाटकापाशी जाऊन उभी राहिली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. भिंगरीने बाटली पोटाशी धरून आणली. तिने किती पाणी घेतलं होतं, ते तिथून दिसत नव्हतं.