गाणं कापलं, दादा मुके झाले

मित्रांनो, मी एक जुनी चित्रफीत आहे आणि आज मी रागावले आहे. टीव्ही केंद्राच्या थंडगार खोलीत, एका लोखंडी फडताळात माझं आयुष्य गेलं. माझ्यात एका विनोदी मालिकेचा एक भाग साठवलेला आहे.

तो भाग रंगवला दादांनी. दादा म्हणजे मालिकेत वडिलांचं काम करणारे नट. कॅमेरामनपासून शिंप्यापर्यंत सगळेच त्यांना दादा म्हणत. माझ्या भागात ते टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत घराबाहेर अडकतात. आत रुसलेली बायको मुद्दाम रेडिओ मोठा करते. मग दादा दाराच्या फटीला तोंड लावून, रेडिओवरच्या गाण्यातच आपले शब्द घुसवून गयावया करतात, "दार उघड गं, शेजारीण बघते गं!" समोर बसलेल्या प्रेक्षकांची हसून हसून पुरेवाट झाली. दाराआडची नटीसुद्धा खुदकन हसली. तेही माझ्यात टिपलं गेलं.

पुढे मालिका संपली. दादा गेले. माझ्यावर धूळ बसली. त्याचं मला दुःख नाही. जुनं होणं कोणाला चुकलंय?

संताप आला तो नंतर. केंद्राने जुन्या मालिका पुन्हा दाखवायचं ठरवलं. तेव्हा कळलं, की त्या गाण्याची परवानगी पहिल्या वेळेपुरतीच घेतली होती. पुन्हा दाखवायचं तर पुन्हा विचारायला हवं. पण तेवढी तसदी कोण घेणार? माझी नक्कल काढली आणि तिच्यातून गाणं कापून टाकलं. गाणं, दादांचा आवाज आणि लोकांचं हसू एकातच मिसळलेलं होतं. तेही गेलं! वर कसलीतरी टिंगटिंग चिकटवली आणि कुठूनतरी उसनं हसू आणून ओतलं.

ती नक्कल टीव्हीवर लागली आणि दुसऱ्याच दिवशी दादांच्या पत्नी केंद्रात आल्या. मी अधिकाऱ्याच्या टेबलावरच होते. वहिनींनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता.

"साहेब, काल नणंदेला मुद्दाम बोलावून घेतलं. भावाचा आवाज ऐकायला आली होती ती! यांचं तोंड हलत होतं आणि आवाजच नाही!"

"वहिनी, कायद्याचा प्रश्न आहे. गाण्याचे हक्क आमच्याकडे नाहीत."

"मग कोणाकडे आहेत?"

"संगीतकारांकडे."

"त्यांना विचारलंत?"

अधिकाऱ्याने पेला इकडचा तिकडे सरकवला. "अहो, एवढ्याशा गाण्याने काय बिघडतं? लोकांना कळतही नाही."

"मला कळलं," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

त्या परत आल्या त्या संगीतकारांना घेऊनच. म्हातारा काठी टेकत आला, पण आवाज खणखणीत होता.

"माझी चाल मला न विचारता वापरू नका, हे माझं म्हणणं. पण न विचारता कापा, असं कधी म्हणालो मी? रीतसर विचारा, माझं नाव लावा, खुशाल दाखवा. माझ्या नावाखाली दादाचा गळा दाबता काय?"

अधिकाऱ्याने परवानगीचा कागद पुढे केला. एका फोनचं काम होतं, मित्रांनो! एका फोनचं!

पुढच्या आठवड्यात मी जशीच्या तशी लागले. वहिनींनी केंद्रात फोन केला. "नणंदेला हसून हसून ठसका लागला," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, कलावंताचा हक्क बुडवू नका. त्याला विचारा, त्याचं त्याला द्या. पण हक्काचं निमित्त पुढे करून आपला आळसही झाकू नका. जुन्या वस्तू जपायच्या म्हणजे नुसती धूळ झटकायची नसते.

माझ्या शेजारच्या फितीत एक आई बाळाला झोपवते आहे. तिची अंगाई कापली आहे. ती नुसतीच ओठ हलवते. ती अंगाई कोणाची, हे विचारायला अजून कोणीही गेलेलं नाही.