तीन सभासदांची संघटना

आमच्या फिनलंडमध्ये काहीही करायचं म्हटलं की आधी संघटना काढतात. बेटावर बारा महिने राहणारी माणसं एकोणचाळीस आणि संघटना सात. सातवी माझ्या नवऱ्याने काढली, लिनक्स नावाची कॉम्प्युटरची सिस्टीम वापरणाऱ्यांची. असे वापरणारे दोनच होते, इल्पो स्वतः आणि धक्क्याजवळ राहणारा तोर्स्ती. पण नोंदणीला तीन सह्या लागतात, म्हणून इल्पो अध्यक्ष, तोर्स्ती उपाध्यक्ष आणि मी चिटणीस. मी घरातल्या कॉम्प्युटरवर फक्त टाइप करत असे आणि ई-मेल पाठवत असे. सही मात्र मला करता येत होती, आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

पहिल्याच सभेत ठराव झाला, की सगळं जग वापरतं त्या दुसऱ्या सिस्टीमची कुठलीही वस्तू सभासदाच्या कॉम्प्युटरला शिवणार नाही. इंटरनेटची कंपनी दर दोन-तीन महिन्यांनी टपालाने एक सीडी पाठवायची. ती कॉफीच्या कपाखाली ठेवण्याच्या कामी आणावी, अशी सूचना तोर्स्तीने मांडली. इल्पोने अनुमोदन दिलं, मी इतिवृत्त लिहिलं. त्या दोघांना हसू आवरेना, आणि खरं सांगायचं तर मीही हसले. सीडीसोबतचं पत्र इल्पो वाचायचाच नाही. "मूर्खांसाठी लिहिलेलं असतं," म्हणायचा आणि कागद सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत घालायचा.

अकरा वर्षं मी गवत कापायच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करत होते. 'पातं फिरत असताना आत हात घालू नये' हे वाक्य मी चार भाषांमधून फिनिशमध्ये आणलं आहे. आणि त्या हिवाळ्यात हेलसिंकीच्या एका प्रकाशनाने मला एका एस्टोनियन कादंबरीचं एक प्रकरण नमुन्यादाखल करायला सांगितलं. माझ्यासारखंच आणखी एका भाषांतरकार बाईंनाही विचारलं होतं, काम एकीलाच मिळणार होतं. सोइली नावाच्या संपादिकेने मुदत दिली होती ईस्टरच्या आधीच्या गुरुवारची, दुपारी चारची. मी बावन्न वर्षांची होते. आयुष्यभर मला हे एकच काम हवं होतं, आणि पुन्हा कोणी येऊन विचारेल अशी आशा मला नव्हती.

तो गुरुवार एक एप्रिलला आला. समुद्रावरचा बर्फ पाय ठेवण्याइतका घट्ट नव्हता आणि होडी जाण्याइतका फुटलेलाही नव्हता. फॅक्सचं मशीन होतं पलीकडच्या बेटावरच्या दुकानात. म्हणजे जे काही जायचं ते टेलिफोनच्या तारेतूनच. साडेअकराला मी शेवटचं वाक्य चौथ्यांदा बदललं आणि पाठवायला बसले. इंटरनेट कंपनीचा नंबर लावणारा मोडेम काही जोडणी करेना. आदल्या संध्याकाळपर्यंत तो सुरळीत चालला होता.

इल्पोने बाह्या सरसावल्या. "पंधरा मिनिटं," म्हणाला.

साडेबाराला तोर्स्ती आला. दोघे खुर्च्या ओढून बसले, मी कॉफी ठेवली, आणि मग अकलेचं प्रदर्शन सुरू झालं.

"तुझी नंबर लावायची स्क्रिप्टच जुनाट आहे," तोर्स्ती म्हणाला.

"माझी मी लिहिली आहे. तुझ्यासारखी कुणाची उचललेली नाही."

"म्हणूनच चालत नाही."

मोडेमचा आवाज या दोघांनी कधीच बंद करून टाकला होता. नंबर लावताना तो जे किंचाळतो ते ऐकायची गरज नवशिक्यांना असते, असं यांचं मत. त्यामुळे तो मुकाट्याने नंबर फिरवायचा, आणि जरा वेळाने पडद्यावर ओळ यायची, जोडणी नाही. ती ओळ आली की दोघे एखादी फाइल उघडायचे, काहीतरी बदलायचे, भांडायचे. दीड वाजता तोर्स्तीला सुचलं की सिस्टीमचा गाभाच नव्याने बांधावा. ते काम कॉम्प्युटर सव्वा तास दळत बसला, आणि तेवढ्या वेळात त्यांनी माझा बनपाव संपवला.

"कंपनीला फोन कर," मी म्हटलं.

"आणि काय सांगू?" इल्पोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तिथली पोरगी विचारणार, 'स्टार्टवर क्लिक केलंत का?' आमच्याकडे स्टार्ट नाही म्हटलं की झालं."

"मला मागे विचारलं होतं, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना नक्की?" तोर्स्ती म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "त्यापेक्षा तूच त्या बाईंना फोन करून एक दिवस मागून घे ना, मार्केत्ता."

"अकरा वर्षांत मी कुणाकडे एक तास वाढवून मागितला नाही," मी म्हटलं. "आज तुमच्यामुळे मागू?"

तो पुन्हा पडद्याकडे वळला. मला बरं वाटलं.

तीन चाळीसला माझा संयम संपला. त्यांना म्हटलं, लावा पुन्हा नंबर, आणि दिवाणखान्यातल्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. एक बाई अगदी शांतपणे सांगत होती, आपण फिरवलेला क्रमांक वापरात नाही. मी दोघांना बोलावून ऐकवलं. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष एकाच रिसीव्हरला आळीपाळीने कान लावून उभे राहिले. चार तास ते ज्या यंत्राशी झुंजत होते त्याला काहीही झालेलं नव्हतं.

"पण कळवायला नको का कंपनीने?" इल्पो म्हणाला.

तोर्स्तीने टेबलापाशी जाऊन कॉफीचा शेवटचा घोट घ्यायला कप उचलला आणि तो तसाच हातात धरून राहिला. कपाखालची सीडी दोन आठवड्यांपूर्वीच्या टपालाने आलेली होती. तिच्यावर लाल अक्षरांत छापलं होतं, एक एप्रिलपासून नवीन नंबर, आणि खाली मोठ्या आकड्यांत तो नंबर. त्याच्याभोवती कॉफीचं वर्तुळ उमटलं होतं.

मला त्या दोघांच्या डोक्यावर किटली ओतावीशी वाटली. पण कप ठेवण्याच्या ठरावाखाली तिसरी सही माझीच होती, तेव्हा मी फक्त म्हटलं, "घाला आता तो नंबर."

घातला. पण दिवसभर त्यांनी जे जे धड होतं ते ते दुरुस्त करून ठेवलं होतं. एक जण म्हणे हे आधी असं होतं, दुसरा म्हणे नव्हतं. लिहून ठेवायची पद्धत फक्त सभेत कोणी कोणाला अनुमोदन दिलं त्यापुरतीच होती. माझं प्रकरण गेलं तेव्हा चार वाजून चौतीस मिनिटं झाली होती.

ईस्टरचे चारही दिवस मी इल्पोशी बोलले नाही. कोकरूही त्याने स्वतःच भाजलं आणि करपवलं.

बुधवारी सकाळी सोइलीबाईंचा फोन आला.

"चारपर्यंत तुमचं काही आलं नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुमचा विचार बदलला. दुसऱ्या बाईंचं आलं होतं, ते वाचलं, ठीक होतं. साडेचारला त्यांना होकार कळवला."

"आमच्याकडे मोडेम..." मी सुरुवात केली आणि थांबले.

"तुमचं मी सुट्टीत वाचलं," त्या म्हणाल्या. "तुमचं जास्त चांगलं आहे, म्हणून मुद्दाम फोन केला. एक फोन करायचात हो. मी साडेपाचपर्यंत इथेच बसून होते."

मी आभार मानून रिसीव्हर ठेवला. गुरुवारी पावणेचारला हाच रिसीव्हर माझ्या हातात होता आणि सोइलीबाईंचा नंबर समोरच्या भिंतीवर चिकटवलेला होता.

इल्पो दारात उभा होता. "काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग त्याने, अगदी साधेपणाने, विचारलं, "मग त्यांना फोन का नाही केलास?"

जगात हा प्रश्न दुसऱ्या कुणीही विचारला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण कंपनीला फोन करायला तयार नसलेल्या माणसाला काय देणार?